एक्केचाळीस गुलाबी चिंध्या

“मॅडम, तुम्ही फक्त गाडीत बसायचं! डोळ्याला पट्टी बांधा, मी अलगद नेतो आणि थेट बुद्धाच्या पायाशी उतरवतो. एक्केचाळीस खुणा केल्यात. चुकायचा सवालच न्हाय!”

हिंदुराव पराडे हे बोलले ते सोलापुरातल्या एका कॉलेजात, इतिहासाच्या महेजबीन मॅडमसमोर, छाती दोन बोटं पुढं काढून. शेवटचं ‘न्हाय’ तेवढं अकलूजचं निसटलं. एरवी मॅडमसमोर ते भाषेला इस्त्री करून बोलत.

हिंदुरावांनी अकलूजकडच्या एका साखर कारखान्यात चौतीस वर्षं टाइम ऑफिस सांभाळलं. हजारभर माणसं रोज त्यांच्या खिडकीसमोरून आत जायची आणि बाहेर यायची. पण एका मिनिटाचा उशीर त्यांच्या पेनातून कधी सुटला नाही. गाळप हंगामात म्हणे वाराही त्यांना विचारून आत यायचा! मग निवृत्ती आली. मुलगा ऋतुराज सोलापुरात नोकरीला, म्हणून बिऱ्हाड इकडं हललं, आणि एवढ्या मोठ्या माणसाच्या वाट्याला दोन खाती उरली: सकाळी दूध, संध्याकाळी भाजी. इमारतीत त्यांना ‘ऋतुराजचे वडील’ म्हणत. नवी पेठेच्या तोंडाला बसणाऱ्या भाजीवाल्या ‘मेथीवाले काका’ म्हणत, कारण ते मेथीच्या जुडीची हजेरी घेतल्यासारखी एकेक काडी बघत. ‘हिंदुराव’ म्हणून हाक मारणारं सोलापुरात कुणीच नव्हतं. बायको गोजरबाई तर त्यांना ‘आवं’ म्हणायची.

आणि अशा माणसाला चक्क एक प्राचीन बौद्ध मंदिर सापडलं होतं!

तीन आठवड्यांपूर्वी गोजरबाईंच्या माहेरी, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या भीमेकाठच्या कलमठवाडीत, त्यांच्या भावाच्या, म्हणजे सयाजीच्या नातवाचं जावळ होतं. बोकड कापला, पंगती उठल्या, आणि थोरले दाजी म्हणून हिंदुरावांना गुलाबी फेटा बांधला. नऊ वार, मऊसूत, डोळ्यात भरेल असा गुलाबी! त्या फेट्यात दुपारी ते भीमेकाठच्या रानात शिरले. वेडी बाभूळ, घाणेरी, निवडुंग, अशी झाडी की उन्हालासुद्धा वाकून आत यावं लागत होतं. आणि त्या काट्यांच्या पोटात काळ्या दगडाची चौकट, पिंपळाच्या मुळ्यांनी मिठीत घेतलेल्या भिंती, आणि आत शांत डोळे मिटलेली बुद्धाची मूर्ती. हिंदुराव बघतच राहिले.

भानावर आल्यावर पहिला विचार टाइम ऑफिसचा आला. परत यायचं तर वाट कशी कळणार? त्यांनी फेटा सोडला, टराटरा फाडला आणि चिंध्या बाभळींना बांधत बाहेर आले. त्यातही शिस्त! सरळ वाटेला एक चिंधी. वळणावर दोन: आत येताना डावीकडं वळायचं तर डाव्या हाताच्या झाडाला, उजवीकडं तर उजव्या. एकूण एक्केचाळीस. गावात कुणाला एक शब्द सांगितला नाही. श्रेय दुसऱ्यानं लाटलं तर?

“दाजी, फेटा कुटाय?” सयाजीनं निघताना विचारलं.

“पिशवीत ठिवलाय. इस्कटू ने म्हनून.”

घरी पोचल्यावर गोजरबाईंनी पिशवी उपडी केली. फेटा नव्हता.

“एष्टीत इसरला वाटतं,” हिंदुराव म्हणाले. त्या दिवसापासून गोजरबाईंनी त्या फेट्याचा विषय रोज एकदा, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीसारखा, नेमानं काढला.

महेजबीन मॅडमनी मात्र अट घातली होती. “काका, मागच्या वर्षी एकानं मला ‘प्राचीन लेणं’ म्हणून मुरमाच्या खाणीत नेलं. त्याच्या आधी एकानं ‘स्तूप’ म्हणून वीटभट्टी दाखवली. तेव्हा तुम्हाला एक रविवार देते. सोमवारपासून परीक्षा. जागा खरी निघाली, तर अहवालात आणि पेपरात शोधणाऱ्याचं नाव पहिलं येईल. नाही निघाली, तर मी पुन्हा कुणाही काकांबरोबर कुठंही जाणार नाही!”

पेपरात नाव! हिंदुराव पराडे! मेथीवाले काका नव्हे, ऋतुराजचे वडील नव्हे. त्या रात्री ते झोपेतसुद्धा सही करत होते.

रविवारी सकाळी सहाला लालसाबची जीप मॅडमना घेऊन दारात आली. लालसाब हा नात्यानं कुणाचाच नव्हता, पण इमारतीतल्या प्रत्येक लग्नाला आणि मयताला त्याचीच जीप असायची, त्यामुळं त्याला सगळ्यांची सगळी माहिती होती. पुढच्या सीटवर गोजरबाई आधीच बसलेल्या! मांडीवर गाठोडं: कडक भाकरी, शेंगाचटणी, दह्याचा डबा.

“तू कुटं निघालीस?”

“माझ्या म्हायेरच्या वाटंनं जीप जानार आन् मी घरात बसू व्हय? आन् जाता जाता सयाजीला इचारते, फेटा तितंच तर ऱ्हायला न्हाय ना.”

हिंदुराव घाईघाईनं मागच्या सीटवर चढले.

“गाव नंतर! आदी मंदिर!” त्यांनी जीप परस्पर रानाकडं वळवायला लावली.

वाटभर त्यांनी मॅडमना खुणांची पद्धत समजावली. “सरळ एक, वळणाला दोन. तुमच्या त्या मोबाईलच्या नकाशाची गरज नाही.” मॅडमनी वहीत लिहून घेतलं. लालसाब आरशातून बघत म्हणाला, “काका, तुमारा दिमाग यानी… हौ, कारखाना है पूरा!”

रानाच्या तोंडाशी जीप थांबली. हिंदुराव ऐटीत उतरले, हात पुढं केला, “ती बघा, पहिली खूण!” म्हणाले आणि तोंड उघडंच राहिलं.

पहिली खूण होती. शेजारच्या झाडालाही होती. त्याच्या शेजारच्यालाही. जिथवर नजर जाईल तिथवर बाभळी गुलाबी झाल्या होत्या! एक, दोन, पाच, अकरा; लांब, आखूड, नाडीएवढ्या, पदराएवढ्या! सगळं रान एखाद्या लग्नाच्या वऱ्हाडासारखं नटून उभं होतं.

“एक्केचाळीस म्हणालात ना, काका?” मॅडमनी चष्मा पुसला.

“व्हय… म्हणजे हो.” हिंदुराव चिंध्या मोजायला लागले. “जरा… उगवण चांगली झालेली दिसतीय.”

आता इथं दुसरा कुणी असता तर थांबला असता. पण चौतीस वर्षं ज्यानं नियम पाळायला लावले, तो स्वतःचा नियम कसा मोडणार? “पद्धत तीच! मागनं या!” म्हणून ते आत घुसले.

दोन चिंध्या, डावीकडं. वळले. लगेच दोन, डावीकडं. वळले. पुन्हा दोन, डावीकडं! पुन्हा वळले. एका निवडुंगापाशी एक पांढऱ्या कपाळाची शेळी चरत होती. तिनं मान वर करून सगळ्यांकडं पाहिलं.

दोन, उजवीकडं. दोन, डावीकडं. दोन, डावीकडं. दोन, डावीकडं. निवडुंग. शेळी.

“हितं शेळ्या लई दिसत्यात,” हिंदुराव म्हणाले.

“काका,” लालसाब शांतपणे म्हणाला, “शेळी एकीच है. दुसरी बार सलाम कर री अपने कू.”

मॅडमच्या ओढणीला बाभळीनं चार ठिकाणी धरलं होतं. त्यांनी निमूटपणे मोबाईल काढला, तर हद्दीपलीकडचं नेटवर्क पकडून त्यातून एक बाई कन्नडमधून काहीतरी सांगायला लागली. दहा पावलांवर ती गप्प झाली. पुढच्या वळणावर पुन्हा बोलायला लागली.

“आपण कर्नाटकात दोनदा जाऊन आलो,” मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात मुरमाची खाण आणि वीटभट्टी दोन्ही दिसायला लागली होती. “काका, दहा वाजलेत. मी बारापर्यंत थांबेन.”

हिंदुरावांच्या डोळ्यापुढं पेपरातलं नाव एकेक अक्षर करून पुसलं जाऊ लागलं. आणि नेमक्या त्याच वेळी गोजरबाई एका झाडापाशी थबकल्या. एक जुनी, उन्हानं विटलेली चिंधी त्यांनी हातात घेतली. उलटी केली. काठावरचं सोनेरी जरीचं बोटभर पान बघितलं.

शेळीनंसुद्धा चघळणं थांबवलं.

“आवं.”

“काय?”

“ह्यो सयाजीचा फेटा हाय.”

“फेट्यासारखे फेटे असत्यात…”

“सयाजीनं सांगितला म्हनून नवी पेठंत मी सोता निवडलेला! तीन दुकानं फिरून! जरीचं पान बघून!” गोजरबाईंचा आवाज कर्नाटकातही ऐकू गेला असेल. “एष्टीत इसरला व्हय? माझ्या भावानं डोक्यावर बांधलेला मान तुमी बाभळीच्या बुडक्याला बांधला? एक्केचाळीस तुकडं करून?”

“आगं, इतिहासासाठी…”

“इतिहासाला तुमची लुंगी चालली नसती?”

मॅडम अचानक ओढणीतला काटा काढण्यात फार गर्क झाल्या. लालसाबनं शेळीशी बोलायला सुरुवात केली.

हा आवाज ऐकूनच झाडीतून एक म्हातारा आला. डोक्याला मुंडासं, हातात काठी, कमरेला कोयता. हा बसप्पा, त्या शेळीचा मालक.

“बर्री, बर्री! या, या! नवस बोलायला आलाव काय वं? चप्पल तकडं काडून ठेवा की.”

“कसला नवस?” मॅडमनी विचारलं.

बसप्पानं बैठक मारली आणि सांगायला लागला. तीन आठवड्यांमागं त्याची म्हैस हरवली. शोधत इथं आला, तर झाडांना गुलाबी चिंध्या! कुणीतरी मोठा नवस बोललाय, जागा जागृत असणार, हे कुणाच्याही लक्षात आलं असतं. त्यानं आपल्या गुलाबी मुंडाशाची एक चिंधी बांधली. म्हैस रात्री आपण होऊन गोठ्यात! ही बातमी म्हशीच्या आधी गावभर झाली. मग कुणाच्या बोअरला पाणी लागलं, कुणाच्या छत्तीस वर्षांच्या पोराला स्थळ आलं.

“पन कापड गुलाबीच पायजे,” बसप्पा म्हणाला. “दुसऱ्या रंगाला गुन न्हाई. तिप्पण्णाच्या दुकानात गुलाबी कापड संपलं, सोलापूरला मानूस पाठवलंय. आन् जोडप्यानं बांधायचं तर दोन चिंध्या. जोडीच लई येतात बगा.”

दोन चिंध्या! म्हणजे ज्या ज्या जोडप्यानं देवाला साकडं घातलं, त्या प्रत्येकानं त्यांना एकेक वळण दिलं होतं. डावी बाजू सावलीची, म्हणून सगळे डावीकडं बांधत!

“आन् पैलं चिंधी बांधनारा मानूस,” बसप्पानं हात जोडून आभाळाकडं पाहिलं, “त्यो सिद्धपुरुष असनार. तसला मानूस आता दिसत न्हाई.”

लालसाबनं हळूच हिंदुरावांच्या पायांकडं बोट दाखवलं. “चाचा, देक लो. वो रहे.”

मग काय विचारता! बसप्पानं त्यांच्या पायावर डोकंच ठेवलं. हिंदुराव मागं सरकले, तर पाठीत काटा. पुढं सरकले, तर बसप्पा. “म्हशीचा नवस फिटला, आता ही गाभण शेळी तेवडी सुखरूप व्याली म्हंजे झालं” म्हणून त्यानं शेळीचंही डोकं टेकवायचा प्रयत्न केला. शेळी त्या सगळ्यांत जास्त शहाणी निघाली. तिनं नकार दिला.

“अहो बाबा,” मॅडमनी मधे पडून विचारलं, “इथं आत जुनं दगडी मंदिर आहे का?”

“आत कोन जातंय वं? काटं! आमी भाईरच बांदतो. तुमीपन एक बांदा की, माज्याकडं चिंध्या हायत. बोला आन् बांदा. मात्र काम झालं की आपली चिंधी आपन येऊन सोडायची. न्हाई सोडली तर झालेलं काम उलटतंय!”

हिंदुरावांनी सगळ्यांची पाठ वळलेली बघितली. बसप्पाच्या हातातली एक चिंधी घेतली, डोळे मिटले, ‘पेपरात नाव येऊ दे’ म्हणाले आणि गाठ मारली. त्यांचा अशा गोष्टींवर अजिबात विश्वास नव्हता. म्हणून तर दोन गाठी मारल्या.

डोळे उघडले तर समोर गोजरबाई.

“झालं का? आता सरका बाजूला. मी काढते तुमचं मंदिर.”

“तू? तुला काय म्हाईत?”

“मंदिर न्हाय म्हाईत. तुमी म्हाईत हाय!” गोजरबाईंनी पदर खोचला आणि बसप्पाकडं वळल्या. “बाबा, सयाजीच्या मळ्याची पाइपलाइन हितनं कुन्या अंगानं जाती?”

“ती उगवतीकडनं.”

“बरं. पानी तिकडं मिळालं. आता दाट सावली कुटं हाय?”

“पिंपळ हाय की, पाइपलाइनच्या वरच्या अंगाला. पन तितं नुसतं काटं.”

“मग तितंच,” गोजरबाई मॅडमना म्हणाल्या. “चला बाई. ह्या मानसाला चाळीस वरीस वळखते मी. जावळादिवशी दोनशे पावनं आन् सयाजीकडं संडास एक. म्हनून हे रश्शाच्या तीन वाट्या वरपून तांब्या घिऊन निगाले. आता दुसरा मानूस पैल्या झुडपाआड बसला असता. ह्यास्नी भागत न्हाय! ह्यास्नी पानी जवळ लागतं, सावली दाट लागती, आन् पाठीला भिंत लागती! लगीन झाल्यापास्नं बगते, भिंत घावल्याबिगर हे बसायचं न्हाईत!”

तीन आठवडे जपलेलं गुपित असं भर उन्हात वाळत पडलं. लालसाब झाडाला धरून हसत होता, त्यात झाड बाभळीचं हे विसरला आणि ओरडला.

“काका,” मॅडम अत्यंत गंभीरपणे म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही त्या मंदिराच्या भिंतीला…”

“न्हाय! न्हाय! आईशप्पत न्हाय!” हिंदुराव किंचाळले. भाषेची इस्त्री पार विस्कटली. “टेकायच्या आदीच वर बगितलं, मॅडम! मुळ्यांच्या मदनं त्यो चेहरा दिसला. तसं शांत तोंड मी उभ्या जन्मात बगितलं न्हाय. चौतीस वरसं माज्या खिडकीम्होरनं मानसं गेली, समदी घाईत. ह्यो एकटाच घाईत नव्हता. मग माजी बी घाई गेली! जागच्या जागी गेली! हात जोडले आन् भरला तांब्या घिऊन मागारी आलो. इचारा सयाजीला, तांब्या भरलेला व्हता का न्हाय!”

लालसाबनं हसणं आवरलं. गोजरबाईंनी नवऱ्याच्या पाठीतला काटा काढला.

बसप्पाच्या कोयत्यानं वाट काढत ते पाइपलाइनच्या वर चढले. पंचवीस पावलांवर पिंपळ लागला. त्याच्या मुळ्या काळ्या दगडांवरून अशा उतरल्या होत्या, जसं एखाद्या आजारी माणसाला घरच्यांनी चारी बाजूंनी धरून बसतं करावं. चौकटीत वाकून मॅडम आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत. हिंदुराव बाहेर उभे, पहिल्या दिवशी कामगार उभा राहतो तसे.

मग आतून आवाज आला, “काका, खरं आहे हो! कुरळे केस, लांब कान, मांडीवरचे हात… बुद्धच आहेत. आणि केवढे सुंदर!”

हिंदुरावांनी डोळे पुसले. गोजरबाईंनी चप्पल काढली, आत जाऊन डोकं टेकवलं आणि नवऱ्याकडं न बघता म्हणाल्या, “फेटा फाडला, त्ये न्हाई म्हनलं तरी जरा कारनी लागलं.”

चौतीस वर्षांत एवढं चांगलं प्रशस्तिपत्रक त्यांना कारखान्यानंही दिलं नव्हतं.

भाकरी खाताना मॅडमनी वही उघडली. “आता नोंद. शोधणारे, हिंदुराव पराडे. तारीख घेतली. कारण? म्हणजे त्या दिवशी तुम्ही इथं कशासाठी आला होतात?”

हिंदुरावांचा घास तिथंच थांबला. “त्ये… त्ये लिहायलाच पाहिजे का? फिरायला म्हणून लिवा की.”

“मी नोंदीत खोटं लिहीत नाही, काका. शोधणाऱ्याचं नाव आलं की जागा कशी सापडली तेही येणार. तांब्यासकट.”

हिंदुरावांनी मनात पेपर उघडला. नाव दिसलं. नावाखाली तांब्या दिसला. तो पेपर घेऊन नवी पेठेतून चाललेले आपण दिसलो, आणि भाजीवाल्यांनी ‘तांब्यावाले काका’ म्हणून मारलेली हाकही ऐकू आली.

“मग आज ज्यांनी जागा काढली, त्यांचंच लिहा,” ते घाईघाईनं म्हणाले. “मला काही मोठेपणाची हौस नाही.”

तीन आठवड्यांनी रविवारच्या पेपरात अर्धं पान भरून बातमी आली. मंदिराचा फोटो, पिंपळाचा फोटो, पदर खोचलेल्या गोजरबाईंचा फोटो! “कलमठवाडीच्या माहेरवाशीण गोजरबाई पराडे यांनी पाणी, सावली व भूरचना यांचा अचूक तर्क बांधून हे स्थळ शोधले. त्यांच्यासोबत त्यांचे पतीही होते.”

हिंदुरावांनी ते वाक्य चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं. ‘पतीही’! त्या शेवटच्या ‘ही’नं तर त्यांना शेळीच्या रांगेत नेऊन बसवलं. संध्याकाळी भाजीवालीनं मेथीची जुडी पुढं केली आणि कौतुकानं विचारलं, “काका, गोजरबाईंचं मालक तुमीच न्हवं?”

ते घरी आले तेव्हा गोजरबाई फोनवरची अभिनंदनं घेऊन दमल्या होत्या. तरी त्यांना आठवलं.

“आवं, तुमी चिंधी बांधली व्हती न्हवं? पेपरात आलाव की! जाऊन सोडून या. बसप्पा काय म्हनला? काम उलटतंय!”

“माजं नाव कुटं आलंय?”

“नाव न्हाय, पर ‘पती’ आलं की! उद्या त्ये बी उलटलं तर?”

हिंदुरावांचा अशा गोष्टींवर अजिबात विश्वास नव्हता. म्हणून ते दुसऱ्या दिवशी पहिल्या एष्टीनं गेले. तिप्पण्णाचं कापड सोलापूरहून येऊन पोचलं होतं. पेपरातल्या बातमीनं चार तालुक्यांतली माणसं येऊन गेली होती. रान आता गुलाबी नव्हतं, गडद गुलाबी होतं. आपली चिंधी ओळखायला सोपी, दोन गाठींची, असं म्हणत हिंदुराव आत शिरले. दोन, डावीकडं. दोन, डावीकडं. निवडुंग. शेळी, आणि तिच्यामागं दोन करडं.

दुपारी दीड वाजता गोजरबाईंचा फोन वाजला. पलीकडं आधी एक बाई कन्नडमध्ये काहीतरी बोलली, मग बारीक, ओळखीचा आवाज आला.

“आगं… मी कुटं हाय, जरा सांगती का?”

गोजरबाईंनी गॅस बारीक केला, फोन कानाखांद्यात धरला आणि शांतपणे विचारलं,

“सकाळपास्नं गेला न्हवं तुमी? मग आदी ह्ये सांगा, पाठीला भिंत हाय का?”